बाग झोपली आणि आई उशाशी बसली

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी रावेर तालुक्यातून लिहितेय, घरची केळी आहे, माझं शिक्षण दहावीपर्यंतच झालंय. मुलगी बारावीला आहे. तिला मराठीच्या सरांनी प्रोजेक्ट दिलं होतं की कुठल्याही कादंबरीतला एक उतारा घ्या आणि त्यातली आलंकारिक भाषा ओळखून लिहा. तिने माझ्या भावाच्या कादंबरीतला घेतला. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला, त्याने दोनशेपानी वहीत पेनाने लिहिलेली कादंबरी आहे, छापलेली नाही, घरातल्यांनीच वाचलीय. उतारा असा आहे :

"सकाळी वारा थांबला तेव्हा बाग झोपलेली होती. बापू बांधावर उभा राहिला, तर पार सुकी नदीपर्यंत एक खोड उभं नव्हतं. मागच्याच आठवड्यात निसवलेल्या केळी, त्यांची कमळं चिखलात तोंड खुपसून पडलेली. पानं फाटून अशी पसरली होती की जणू कुणी पंगत अर्ध्यावरच उठवून दिली. आई काही बोलली नाही. ती बागेच्या उशाशी जाऊन बसली. रात्रभर सारखा पाऊस होता तरी तिचे डोळे कोरडे होते. बापूला वाटलं, आई उन्हाळ्यातल्या विहिरीसारखी झालीय, वाकून हाक मारली तर आपलाच आवाज परत येतो. कर्जाचं पील तेवढं जागच्या जागी उभं होतं, त्याला वारा लागला नव्हता. सातपुडा समोर बसून सगळं बघत होता. त्या दिवशी गल्लीत कुणाची चूल पेटली नाही."

मुलीने घाईत 'सारखा पाऊस' ही उपमा लिहिली, त्याला सरांनी बरोबर केलं. 'कर्जाचं पील' हे रूपक लिहिलं ते खोडून 'पीळ' असं शुद्ध करून दिलं. 'निसवलेल्या केळी' ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणं, कशी सुटली म्हणून विचारलं, आणि 'सुकी नदी' खाली लाल पेनाने 'दुःखाचं प्रतीक' असं लिहिलं. वीसपैकी अकरा मार्क. मार्कांचं जाऊ द्या पण ती भावाची भाषा आहे मॅडम. सुकी तर आमच्या नदीचं नावच आहे आणि केळी निसवली असं आम्ही रोज बोलतो, त्यात अलंकार कुठून आला? मग कशाला अलंकार म्हणायचं आणि कशाला नाही, हे ओळखायचं कसं ते सांगा.

उत्तर : ताई, आधी महत्त्वाचं सांगून टाकते. 'कर्जाचं पील', म्हणजे केळीच्या बुडाशी फुटतं ते पील, हे रूपकच आहे, मुलीने बरोबर लिहिलंय, आणि अख्ख्या उताऱ्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. त्यावर येतेच, पण तुमचा प्रश्न ओळखायचं कसं हा आहे म्हणून तिथून सुरू करते.

शाळेत आपण अलंकार शिकतो ते शब्दांच्या यादीवरून. सम, समान, सारखा, जसा, प्रमाणे, परी दिसलं की उपमा लिहायची, जणू, गमे, भासे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा लिहायची. कवितेच्या सुट्या दोन ओळींना ही यादी बऱ्यापैकी चालून जाते कारण त्या ओळी यादीसाठीच निवडलेल्या असतात, पण कादंबरीच्या उताऱ्यात हीच यादी पोरांना फसवते. तुमच्याच उताऱ्यात बघा ना, 'रात्रभर सारखा पाऊस' यातलं सारखा म्हणजे एकसारखा, न थांबता. पावसाची कशाशीच तुलना केलेली नाही. उपमेत ज्याची तुलना करायची ते उपमेय लागतं, ज्याच्याशी करायची ते उपमान लागतं, दोघांत एखादा सारखा गुण लागतो, आणि इथे तर पाऊस आहे आणि नुसता पाऊसच आहे. तो मार्क चुकून मिळालाय, मुलीला तसं सांगा, वाईट वाटणार नाही तिला.

आणि तुलना असली म्हणजे उपमा झालीच असंही नाही हं. समजा भावाने लिहिलं असतं की बापू त्याच्या वडलांसारखा उंच होता, तर ती फक्त माहिती झाली. संस्कृतमधल्या पंडितांनी यावर बराच खल केलाय, त्यांचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'गवय हा गाईसारखा असतो', गवय म्हणजे रानातलं गाईसारखं जनावर, आणि ते म्हणतात की हे वाक्य खरं आहे, तुलनाही आहे, पण हा उपमा अलंकार नाही कारण यात मनाला लागणारं काही नाही. मला हे फार पटतं.

मग ओळखायचं कसं, तर वाक्य वाचताना एकच प्रश्न विचारायचा की हे जसंच्या तसं खरं धरलं तर बसतंय का? जिथे बसत नाही, अर्थ अडतो, तिथे थांबायचं. ही काही माझी युक्ती नाही. मम्मट नावाचा काश्मीरचा पंडित अकराव्या शतकात होऊन गेला, त्याच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात दहा उल्लास म्हणजे दहा प्रकरणं आहेत, उपमा रूपक वगैरे अर्थालंकार शेवटच्या दहाव्यात येतात, पण शब्द अर्थ कसा देतो हे त्याने आधी दुसऱ्यातच सांगून ठेवलंय. लक्षणा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घेणं, ती कधी होते याच्या त्याने तीन अटी घातल्यात. पहिली, शब्दाचा मुख्य अर्थ अडला पाहिजे, याला मुख्यार्थबाध म्हणतात. दुसरी, जो नवीन अर्थ घ्यायचा त्याचा मुख्य अर्थाशी काहीतरी संबंध पाहिजे. आणि तिसरी, तसं बोलायची एक तर रूढी पाहिजे नाहीतर तसं बोलण्यामागे काही प्रयोजन पाहिजे. त्याचं गाजलेलं उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा' असं आहे, पाण्याच्या धारेवर वाडा कसा उभा राहील, म्हणून अर्थ अडतो आणि आपण गंगेचा काठ असं समजतो, पण काठ न म्हणता गंगाच म्हटल्यामुळे तिचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला येतं, ते प्रयोजन. आपण नाही का म्हणत, आमचं शेत तापीवर आहे. कुणी विचारतं का की पाण्यावर शेत कसं काय?

आता ताई तुमचं दुखणं नेमकं इथे आहे. अर्थ कुठे अडतो हे वाचणाऱ्याला शब्दाचा साधा अर्थ माहीत असेल तरच कळतं. निसवणं म्हणजे ज्वारीचं कणीस, केळीचं कमळ पोंग्यातून बाहेर पडणं, हा त्या शब्दाचा मुख्य अर्थच आहे, दुसरा कुठला मुख्य अर्थ नाहीच. केळी निसवली यात काही अडत नाही म्हणून तिथे अलंकार नाही. सरांना बहुतेक तो शब्द प्रसवणंसारखा ऐकू आला असेल. सुकीचंही तसंच. आपल्या लिपीत विशेषनामाला वेगळं मोठं अक्षर नसतं, त्यामुळे ज्याला सातपुड्यातून उतरणारी सुकी माहीत नाही तो कोरडी नदी असंच वाचणार, मग त्याला त्यात दुःख दिसणार. बरं, भावाने मुद्दाम ती नदी निवडली असेल का? कादंबरीत पुढेमागे तसा धागा असेल तर मुलीने तो दाखवावा, पण या उताऱ्यात 'पार सुकी नदीपर्यंत' हे नुसतं अंतर आहे, बांधावर उभं राहिल्यावर नजर कुठवर गेली ते. रात्रभर पाऊस झालेल्या सकाळी ती नदी कोरडीही नसणार.

अजून एक गंमत आहे, शेतातले कितीतरी शब्द एकेकाळी अलंकारच होते. घडाला फणी असते ती केसांच्या फणीवरून, ज्वारी पोटरीत येते ती पायाच्या पोटरीवरून, केळीच्या फुलाला कमळ म्हणतो तर ते काही तळ्यातलं कमळ नाही. पण आज फणी तोडताना कुणाच्या डोळ्यासमोर कंगवा येत नाही. बोलून बोलून झिजले ते शब्द. मम्मटाच्या भाषेत ही रूढी. त्याने स्वतः 'कुशल' हा शब्द घेतलाय, मूळ अर्थ कुश नावाचं गवत नीट तोडून आणणारा, आणि आपण कुशल कारागीर म्हणताना गवत आठवतो का? असे झिजलेले शब्द उताऱ्यात आले तर त्यांना अलंकार म्हणून मार्क मागू नयेत.

आता 'बाग झोपलेली होती' बघा, कारण माझ्या मते मुलीकडून खरं सुटलंय ते इथे. माझं माहेर यावल तालुक्यातलं, मिरगाच्या तोंडावरचं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी लोक एकमेकांना विचारायचे, तुमची किती झोपली? गव्हाला, उसाला, केळीला सगळ्यांना हेच म्हणतात. म्हणजे झोपली हा पण झिजलेलाच शब्द, पहिल्या वाक्यात तो आला तेव्हा आपण न अडता पुढे जातो. पण चार वाक्यांनी भाऊ लिहितो, ती बागेच्या उशाशी जाऊन बसली. बागेला बांध असतो, धुरा असतो, उशी कुठून येणार? इथे अर्थ अडला. आणि अडला की आपण मागे जातो आणि ते 'झोपलेली' पुन्हा वाचतो, आता ते पीक आडवं झालं एवढंच राहत नाही, आता तिथे खरंच कुणीतरी निजलंय, अंथरुणावर, आणि आई त्याच्या डोक्याशी बसलीय. एका 'उशाशी'ने झिजलेला शब्द परत जिवंत केला.

आणि मग शेवटचं वाक्य, गल्लीत कुणाची चूल पेटली नाही. यात अलंकार शोधू नका, सापडणार नाही, कारण ते जसंच्या तसं खरं आहे, त्या दिवशी खरोखर कुणी स्वयंपाक केला नसणार. काही अडतच नाही. पण आपल्याकडे चूल कधी पेटत नाही हे तुम्हाला मला सांगायला नको, घरात कुणी गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवत नाहीत, जेवण भावकीतून नाहीतर शेजारून येतं. सरळ अर्थ शाबूत ठेवून त्याच्या मागून दुसरा अर्थ ऐकू येतो त्याला व्यंजना म्हणतात. म्हणजे बघा, झोपली, मग उशाशी, मग चूल, असं करत करत भावाने झोपलेल्या बागेची मयत केली आणि मयत हा शब्द कुठेही लिहिला नाही. ताई, ही तीन वाक्यं एकत्र वाचली तेव्हा मी तुमचं पत्र बाजूला ठेवून जरा वेळ तशीच बसले.

आता पील. देशावरच्या वाचकांसाठी सांगते, केळीच्या बुडाशी जी नवीन रोपटी फुटतात ती पिलं. आईझाडाचं अन्न ती खातात म्हणून विळ्याने कापत राहावी लागतात, कापलं तरी कंद जमिनीत असतो म्हणून ते पुन्हा वर येतं. आणि घड कापल्यावर आईझाड संपतं तेव्हा एखादं पील मुद्दाम राखतात, त्याचीच पुढे पीलबाग होते. आता हे सगळं 'कर्जाचं पील' वर ठेवून बघा. बागेच्या बुडाशीच उगवलेलं, बागेचंच खाऊन वाढणारं, कापलं तरी परत येणारं, आणि आईझाड आडवं झाल्यावरही उभं राहून पुढची पिढी होणारं. कर्ज हे पिलासारखं होतं असं भावाने लिहिलं असतं तर उपमा झाली असती, दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या असत्या. त्याने दोन्ही एकच करून टाकल्या, उपमेय उपमान यांच्यात भेदच ठेवला नाही, म्हणून रूपक. आणि लगेच 'त्याला वारा लागला नव्हता' असं पिलाचंच वर्णन पुढे चालू ठेवलं, कर्जाचं नाही. सरांनी 'पीळ' केलं कारण त्यांना पील हा शब्द माहीत नसावा, माहीत नसताना माणूस ओळखीच्या शब्दाकडे जातो. पण पीळ केलं की वाक्यच राहत नाही, पीळ जागच्या जागी उभा कसा राहील?

बाकीचं पटकन सांगते. पंगतीचं वाक्य उत्प्रेक्षा आहे, केळीच्या पानावरच पंगत बसते म्हणून ती कल्पना फार जवळून उचललीय, आणि भरल्या पानावरून उठवणं हा आपला वाक्प्रचार तिच्या मागे उभा आहे, नुकत्या निसवलेल्या बागेचा घास गेला तो असाच. विहिरीसारखी ही सरळ उपमा आहे, तिथे 'वाटलं' असं आलंय म्हणून यादी बघून उत्प्रेक्षा लिहू नका, वाटलं म्हणजे बापूच्या मनात आलं एवढंच. त्या उपमेची ताकद उरलेल्या अर्ध्या वाक्यात आहे, आपलाच आवाज परत येतो, तो समान गुण लेखकाने उघड सांगितलाय. कमळांनी तोंड खुपसणं आणि सातपुड्याने बसून बघणं या दोन्ही चेतनगुणोक्ती, त्यातली सातपुड्याची मला थोडी सवयीची वाटली, डोंगर बघत बसलेत असं खूप जणांनी लिहिलंय. पाऊस आणि कोरडे डोळे यात विरोध आहे पण विरोधाभास अलंकार म्हणायला नको, बाहेर पाऊस असताना डोळे कोरडे असू शकतात ना.

मुलीला पेपरात लिहायला नमुना देते, असं काहीतरी लिहावं : "'बागेच्या उशाशी' या शब्दांत चेतनगुणोक्ती आहे. बागेला उशी नसते, त्यामुळे सरळ अर्थ अडतो. बाग झोपलेल्या माणसासारखी कल्पिली आहे. त्यामुळे आधीच्या 'झोपलेली' या रोजच्या शब्दाला नवा अर्थ येतो आणि आईचं दुःख न सांगता कळतं." बस एवढंच. अलंकाराचं नाव, कुठे अडलं, आणि त्याने काय साधलं. नुसत्या नावाला मी कधीच पूर्ण मार्क दिले नाहीत.

आणि सरांकडे जा तुम्ही, मुलीला एकटीला पाठवू नका. भांडायला नाही हं, ती वही घेऊन जा आणि जमलं तर एखादं पील मुळासकट उपटून पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. मराठीचा शिक्षक आहे, नवीन शब्द हातात मिळाला तर त्याला आनंदच होईल. आणि ताई, वहीच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पेनाची शाई उडते आणि वाळवीही लागते. कुणी टाईप करून देणारं मिळालं तर पील, निसवणं असे शब्द बदलू देऊ नका.

प्रश्न : जणू असलं की उत्प्रेक्षाच ना? आमच्या क्लासच्या नोट्समधे तसंच दिलंय. — एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : बहुतेक वेळा हो, पण डोळे झाकून नको. उपमेत आपण म्हणतो हे त्याच्यासारखं आहे, उत्प्रेक्षेत म्हणतो हे जणू तेच आहे, म्हणजे क्षणभर खरंच तसं असेल अशी कल्पना. वाक्यातला जणू काढून त्या जागी 'सारखा' घालून बघ, अर्थाला काही धक्का लागला नाही तर उपमेचा विचार कर. वरच्या उताऱ्यातलं वाक्य घे, 'उठवलेल्या पंगतीसारखी पानं' असं केलं तर पानांची नुसती स्थिती उरते, 'कुणी उठवून दिली' हा उठवणारा माणूस गायब होतो. तो कल्पिलेला माणूस हीच तिथली उत्प्रेक्षा.

प्रश्न : मी शिरपूर भागात शिकवतो. मुलं घरी अहिराणी बोलतात. अतिशयोक्तीचं उदाहरण लिहा म्हटलं तर एकाने 'आभाय फाटी गयं' लिहिलं. मार्क द्यावेत का? प्रमाण मराठीत नाही म्हणून मी थांबलोय.

उत्तर : सर, जरूर द्या. आभाळ फाटणं शक्य नाही, अर्थ अडतो, पाऊस किती भयंकर होता ते कळतं, मुलाने अलंकार ओळखलाय. अलंकार हा अर्थाचा असतो, बोली कुठली याच्याशी त्याचा संबंध नाही. तो वाक्प्रचार आता रुळलेला आहे एवढं मात्र त्याला सांगा, आणि याच मुलाला विचारा की पाऊस फार झाला तर आजी अजून काय म्हणते. तिचं वाक्य अजून कुणी वहीत लिहिलं नसेल, तेच दुसरं उदाहरण म्हणून फळ्यावर घ्या.